पंधरा ऑगस्टची उपकारस्तुती : प्रस्तावना

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा करत गोंदियाला येते आणि पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकून डोंगरगडच्या अंगाला उतरते. १८९३ साली या मार्गावरून कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. नागपुरातला मुक्काम संपला होता, पुढे संस्थानात काही काम मिळेल अशी आशा होती. डब्यात एक गोरा प्रवासी होता. गोऱ्या माणसाशेजारी बसायचे तर अपमानाची तयारी ठेवूनच बसायचे, असा तो काळ. चरित्रकार सांगतात की या गृहस्थाने उलट हसून जागा करून दिली, काव्याचा विषय काढला आणि निरोप घेताना टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायचे कबूल केले ते बरेचसे भिडेखातर. वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि मग पुस्तक सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गोंदिया जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रार्थनांना प्रस्तावना लिहायची तर ती या गाडीपासून सुरू करावी असे मला वाटले. आपल्या भागात मराठी ख्रिस्ती माणसाकडे पाहणारे लोक अजूनही एक गोष्ट गृहीत धरतात : हा धर्म साहेबाबरोबर आला, तेव्हा त्याचे मन थोडे तरी साहेबाकडे असणारच. टिळकांचे आयुष्य या समजुतीत बसत नाही. धर्मांतराच्या आधीपासून ते देशाच्या उत्कर्षाला आधार होईल असा धर्म शोधत होते, त्याची तत्त्वेसुद्धा स्वतःशी मांडून पाहत होते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी देशभक्तीच्या कविता लिहायच्या थांबवल्या नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि चर्चमध्ये भजन, कीर्तन, अभंग आणण्यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे मराठी संपादन करताना त्यांनी मिशनरी मंडळींनाही सोडले नाही, हिंदी मंडळी हिंदी माणसांच्या हाती असावी हा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले. स्वातंत्र्य पाहायला मिळाले नाही.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली हे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी विरहाची वर्षे काढली आणि पुढे त्यांच्याजवळ आल्या, ख्रिस्तीही झाल्या, ते स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला. मराठी ख्रिस्ती घरांत स्वातंत्र्याची पहिली व्याख्या मला त्यांच्यात दिसते. नवरा करतो म्हणून बायकोने करायचे, हा नियम त्यांनी मानला नाही.

आता पुढच्या पानांविषयी. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी या बाजूंच्या मंडळ्यांत पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला उपकारस्तुतीची उपासना होते. तिथे केलेल्या प्रार्थना, दिलेल्या साक्षी आणि लहानसहान भाषणे काही तरुणांनी जमवली, त्यांचे हे पुस्तक. कुणी वहीच्या पानावर लिहून आणले होते, कुणाचे मोबाइलमध्ये टिपलेले बोलणे उतरवून काढावे लागले. नावे मुद्दाम गाळली आहेत. प्रार्थना देवापुढे केलेली असते. तिच्याखाली सही असायलाच हवी असे नाही.

ही उपासना कशी असते हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. पंधरा ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे रोवणीचे शेवटचे दिवस. पाऊस लांबला असेल तर पऱ्हे अजून बांधीतच असतात आणि मजूर मिळायची मारामार. त्यामुळे सकाळचे झेंडावंदन लवकर उरकावे लागते. प्रार्थनाघरासमोर रोवलेला लोखंडी पाइप, त्याला चुन्याने रंगवलेले विटांचे आळे, चार पोरींनी काढलेली रांगोळी, जी नऊ वाजायच्या आत पावसाने पुसलेली. घडी घालून, आत फुलांच्या पाकळ्या भरून झेंडा वर चढवतात आणि दोर ओढला की तो उलगडायला हवा. ओल्या दोराची गाठ बसते. मग प्रमुख पाहुणे ओढतात, पाळक ओढतात, लोक तोंड वर करून उभे, राष्ट्रगीत सुरू करावे की थांबावे हे कुणाला कळत नाही. शेवटी एखादा जुना रेल्वेवाला पुढे होतो, दोर ढिला सोडून एक झटका देतो आणि पाकळ्या सगळ्यांच्या छत्र्यांवर पडतात. राष्ट्रगीत, मग आत जाऊन ‘उपासना-संगीता’तले एक गायन, शास्त्रवाचन, उपकारस्तुती, मुलांना बुंदी. दाराशी एकमेकांना ‘सलाम’ करून लोक पांगतात. साडेदहाला बायका चिखलात असतात.

कॅथलिक घरांना याच तारखेला दुसरेही निमित्त असते. १५ ऑगस्ट हा मरियामातेला सदेह स्वर्गात नेल्याचा सण. देश स्वतंत्र झाला त्याच्या कित्येक शतके आधीपासून ही तारीख ठरलेली आहे, त्यामुळे योगायोगच म्हणायचा. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षे एकाच सकाळी मिस्सा आणि झेंडावंदन करणाऱ्या माणसांना तो आता योगायोग वाटत नाही. या संग्रहातल्या एका आजीच्या प्रार्थनेत मरियामाता आणि भारतमाता यांच्यामध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. धर्मशास्त्र शिकलेल्या कुणाला ते खटकेल. मी ती ओळ तशीच ठेवा म्हटले.

इतके झाल्यावर मुद्द्याचे बोलतो. या प्रार्थना वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवली. काही प्रार्थना देवाशी बोलतात आणि काही, देवाचे नाव घेऊन, शेजाऱ्याशी. ‘हे प्रभू, आम्हीही या देशावर प्रेम करतो’ असे जेव्हा कुणी डोळे मिटून म्हणतो तेव्हा त्यातला ‘ही’ प्रभूसाठी नसतो. प्रभूला ते ठाऊक आहे. तो ‘ही’ कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या कुणासाठी तरी असतो. मी या माणसांना दोष देत नाही. निष्ठेचा पुरावा मागण्याची सवय जुनी आहे आणि गंमत अशी की आपल्या भागात तो आधी उलट्या बाजूने मागितला जात होता.

व्हेरियर एल्विनची गोष्ट घ्या. हा तरुण इंग्रज धर्मगुरू पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून गांधींकडे ओढला गेला, आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याला घेऊन मंडला भागातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेला. धर्मगुरू म्हणून काम करायचे तर नागपूरच्या बिशपांचा परवाना हवा. बिशप अलेक्स वुड यांनी अट घातली : आधी सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. एल्विनने घेतली नाही, परवाना मिळाला नाही. त्याच सुमाराला कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट कायदेभंग ख्रिस्ती शिकवणुकीला धरून नाही असे सांगत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्यांना जाहीरपणे विचारत होते की मग येशूच्या शिकवणुकीला धरून काय आहे, लाठीमार?

कुमारप्पा तंजावरचे, कुटुंब पक्के ख्रिस्ती, शिक्षण लंडन आणि न्यूयॉर्कचे. पुढे बरीच वर्षे त्यांचे घर म्हणजे वर्ध्याची मगनवाडी. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी तिथून चालवला, तुरुंगवास भोगला आणि तुरुंगात असताना येशूच्या आचार-विचारांवर पुस्तक लिहिले. चरख्याच्या माणसाने बायबल कुठे ठेवायचे आणि बायबलच्या माणसाने चरखा कुठे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. गोंदियाच्या वाचकाला त्यांची एक बाजू मात्र अडचणीची ठरेल. ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा मोठा प्रचार केला आणि कुमारप्पांचा राइस मिलला कडाडून विरोध होता. पॉलिश केल्याने तांदळातले सत्त्व जाते आणि कांडणाऱ्या बायांचा रोजगार जातो, असे त्यांचे दुहेरी म्हणणे. ज्या शहराची ओळखच राइस मिल, तिथल्या ख्रिस्ती मंडळीने आपला आदर्श म्हणून कुमारप्पांची तसबीर लावायची ठरवली तर मंडळीतले मिलवाले काय म्हणतील, याची मला उत्सुकता आहे. ते ३० जानेवारी १९६० रोजी वारले, गांधींच्या पुण्यतिथीलाच.

मराठी मुलखातली बाकी नावे बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून नुसती सांगतो. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या पंडिता रमाबाई. लोकमान्यांचे वकील मित्र आणि १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचा धर्म बहुधा सांगत नाहीत. तो सांगावा असे मी म्हणणार नाही. पण मग एखाद्या ख्रिस्ती मुलाला वर्गात ‘तुमच्यातले कोण लढले?’ असे कुणी विचारू नये.

स्वातंत्र्य आल्यावर प्रश्न विचारणारे बदलले. अँग्लिकन उपासनेत तोवर राजासाठी प्रार्थना होई. प्रजासत्ताक झाल्यावर तिथे राष्ट्रपती आले. पाळकांना ते जड गेले असेल असे वाटत नाही, कारण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा ही पौलाची शिकवण आहे आणि त्याने ती लिहिली तेव्हा सिंहासनावर रोमन बादशहा होता. खरी परीक्षा दिल्लीत झाली, संविधान सभेत. डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. धर्म मानणे आणि आचरणे याला कुणाची हरकत नव्हती, ‘प्रचार’ या शब्दाला होती. लोकनाथ मिश्रांनी तो काढा म्हटले. के. एम. मुनशींनी आठवण दिली की हा शब्द समझोत्यातून आला आहे. टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितले की मी कित्येक वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, धर्म बदल म्हणून कुणी मागे लागले नाही. शब्द राहिला, आजचे कलम २५ ते हेच. आणि मे १९४९ मध्ये विधिमंडळातल्या धर्मावर आधारित राखीव जागा सोडण्याचा निर्णय झाला, त्यात बंगालचे ख्रिस्ती नेते हरेंद्रकुमार मुखर्जी पुढे होते. वेगळ्या जागा नकोत, शेजाऱ्याच्या मतावर निवडून येऊ, असा तो विश्वास होता. या देशातल्या ख्रिस्ती समाजाने सामुदायिकपणे केलेली देशसेवेची सर्वात मोठी कृती मला हीच वाटते, आणि या संग्रहातल्या एकाही प्रार्थनेत तिचा उल्लेख नाही.

पुढची हकीकत आपल्या दाराशी घडली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता (वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला), भंडारा मध्य प्रदेशात होता आणि मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. १९५४ मध्ये त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. समितीवर वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्तीही होते. १९५६ मध्ये अहवाल आला, तो मिशनऱ्यांवर कडक टीका करणारा. त्यातल्या तक्रारी सगळ्याच पोकळ होत्या असे मी म्हणणार नाही. परदेशी पैसा आणि परदेशी अधिकारी यांच्या जोरावर चाललेल्या कामाबद्दल टिळकांनी चाळीस वर्षांपूर्वी याहून वेगळे काही म्हटले नव्हते. पण समितीसमोर उभा राहिलेला गावचा साधा ख्रिस्ती माणूस ना परदेशी होता ना पैसेवाला, आणि प्रश्न अखेर त्यालाच पडला की आपण कोण. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतराबाबत कायदा केला तेव्हा गोंदिया त्याच्या बाहेर होता, बालाघाट आत होता, राजनांदगावही आत. ज्या गावाकडे टिळकांची गाडी निघाली होती तिथे त्या कायद्याने धर्म बदलला की त्याची माहिती सरकारदरबारी पोचवणे आले. १९७७ मध्ये रायपूर भागातल्या एका ख्रिस्ती धर्मसेवकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालाशी न पटणारे कायदेपंडित आहेत, मलाही तो अपुरा वाटतो. पण उपकारस्तुती करणाऱ्याने तो वाचलेला असावा.

आणखी एक गोष्ट आभाराच्या सुरात सहज बसत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. बौद्धांना तो १९९० मध्ये मिळाला. आपल्या जिल्ह्यात एकाच वस्तीत, एकाच मूळ घराण्याच्या दोन भिंतींआड एक घर बौद्ध आणि एक ख्रिस्ती असू शकते. तहसील कचेरीत त्यांच्या अर्जांचे नशीब वेगळे. आदिवासी ख्रिस्ती माणसाचा जमातीचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नाही. संग्रहातली एक साक्ष यावरच आहे. लिहिणारा देशाचे आभार मानतो आणि लगेच पुढच्या वाक्यात दाखल्याची तक्रार करतो. संपादक मुलांनी मला विचारले, हे उपकारस्तुतीत शोभेल का? मी म्हटले, स्तोत्रसंहिता उघडून पाहा; अर्धी स्तोत्रे गाऱ्हाणी आहेत.

मला आवडलेल्या प्रार्थना बहुधा अशाच, ज्यांना काही सिद्ध करायचे नाही. एकीत पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि सरपंच एका दमात येतात, आणि सरपंचावर जरा जास्त वेळ जातो, कारण नळयोजना अडली आहे. एकीत धानाच्या बोनससाठी विनंती आहे आणि मिळालेल्या पावसाबद्दल आभार, या क्रमाने. देवरी-सालेकसाकडची एक प्रार्थना जंगलातल्या पोलिसांसाठी आणि जंगलातल्या माणसांसाठी एकाच वाक्यात रक्षण मागते. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आपले पणजोबा टोपी घालून गेले होते हे घरात ऐकलेले एकाने सांगितले आहे. सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा न्यायचा नाही असा हुकूम होता, देशभरातून सत्याग्रही आले, तुरुंग भरले आणि शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्याने गेलीच. आज त्या रस्त्यावरून झेंडा लावून जाणाऱ्या मोटारसायकलींना कुणी अडवत नाही. पणतू त्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि तेवढ्यावर थांबतो. पणजोबा कोणत्या धर्माचे हे त्याने सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) बाजूचे. गोंदियाच्या वाट्याला फार थोडे. थोडे असल्याने इथे पंथांचे कुंपणही बुटके आहे. एका मंडळीचे झेंडावंदन झाले की तिथली पोरे दुसऱ्या मंडळीच्या बुंदीलाही हजर असतात. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्याला मोठी पूर्वतयारी आणि बऱ्याच बैठका लागल्या होत्या. या पोरांना तसे काही लागत नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. प्रार्थना झाडीबोलीत आहेत, पोवारीचे शब्द आहेत, हिंदी तर जागोजाग आहे, कारण जंक्शनच्या गावात मराठी एकटी राहत नाही. शुद्धलेखन सांभाळले आहे, बोलण्याला हात लावलेला नाही.

पुस्तकाचा तोल मात्र गेला आहे. पंधरा ऑगस्टचा मजकूर भरपूर, सव्वीस जानेवारीचा अगदी जेमतेम. कारण साधे आहे : ऑगस्टमध्ये मंडळी प्रार्थनाघरात जमते, जानेवारीत मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला जाते. पण ज्या कलमाच्या आधारावर हे प्रार्थनाघर उभे आहे ते लागू झाले २६ जानेवारी १९५० ला. म्हणून संपादकांच्या वतीने विनंती करतो. कुणी प्रजासत्ताक दिनी प्रार्थना केली असेल, संविधानाविषयी चार ओळी बोलले असेल, किंवा वडिलांच्या ट्रंकेत १९५० सालच्या उपासनेचा कागद सापडला असेल, तर त्यांनी ते दुसऱ्या आवृत्तीसाठी पाठवावे. मूळ कागद परत केला जाईल.